सायकॉलॉजीत पीएचडी करायचीये? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

दर दोन-चार दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतो, "ताई, मला सायकॉलॉजीत पीएचडी करायचीये, थोडं सांगाल का?" आणि मग तेच ते प्रश्न. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. माझी पीएचडी होऊन काही वर्षं झाली, काम स्मरणशक्ती आणि चिंता यांच्यावर होतं, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील. प्रवेशाचे नियम, फॉर्म, तारखा वगैरे इथे शोधू नका, ते जिथे अर्ज करताय तिथलेच बघावे लागतात.

पीएचडी झाली की मी लोकांवर उपचार करू शकेन ना?

आपोआप नाही. पीएचडी ही मुळात संशोधनाची पदवी आहे. उपचार करायचे तर क्लिनिकल ट्रेनिंग, सुपरव्हिजनखाली पेशंट बघण्याचे तास, आणि तुमच्या देशात जे लायसन्स किंवा नोंदणी लागते ती, हे सगळं वेगळं. हा गोंधळ जुनाच आहे. अमेरिकेत १९४९ मध्ये बोल्डर गावी मोठी परिषद झाली, तिथे ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा आधी शास्त्रज्ञही हवा आणि मग उपचार करणाराही, म्हणजे पीएचडीतच दोन्ही. मग बऱ्याच जणांना वाटायला लागलं की ज्याला आयुष्यभर पेशंटच बघायचेत त्याला एवढा थीसिस कशाला, त्यातून १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सायडी नावाची वेगळी पदवी सुरू झाली आणि १९७३ च्या व्हेल परिषदेने तिला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये क्लिनिकल डॉक्टरेट हा तीन वर्षांचा वेगळाच कोर्स आहे. तेव्हा आधी स्वतःला विचारा की समोरच्या खुर्चीत पेशंट हवाय की पार्टिसिपंट (अभ्यासात भाग घेणारा माणूस), आणि उत्तर 'पेशंट' असेल तर पुढचं अर्धं वाचलं नाहीत तरी चालेल.

एक मात्र होतं, नावाआधी डॉक्टर लागलं की ओळखीचे लोक झोपेची गोळी कुठली घेऊ म्हणून विचारायला लागतात. ती सांगायचा तुम्हाला काडीचाही अधिकार नसतो.

मला माणसं पटकन कळतात, सगळे माझ्याकडेच मन मोकळं करतात. मग मला सोपं जाईल ना?

छान गुण आहे, पण इथे उपयोग थोडा आणि अडचण जास्त. ज्याला आधीच कळलेलं असतं तो मोजायला जात नाही.

मग पीएचडीत नक्की शिकतात काय?

भोंगळ प्रश्नाला मोजता येईल असं रूप द्यायचं, आणि उत्तर बघायच्या आधीच ठरवून टाकायचं की काय दिसलं तर मी चूक. बाकी सगळं याच्याच आजूबाजूला.

उदाहरण घेऊ. "मोबाइलमुळे एकाग्रता कमी होते का?" असा विषय घेऊन दर वर्षी कुणीतरी येतंच. आता सांगा, मोबाइल म्हणजे काय? दिवसभरातला स्क्रीन टाइम, का किती वेळा उचलला ते, का टेबलावर नुसता पडलेला फोन? स्क्रीन टाइम माणसाला विचारून घेणार का फोनमधूनच काढणार, कारण आपण किती वेळ वापरतो हे लोकांना बरोबर सांगता येत नाही. एकाग्रता म्हणजे वाचताना लक्ष टिकणं, का पडद्यावर आकडे येत असताना फक्त ३ आला की बटण न दाबणं? आणि समजा जास्त फोनवाल्यांची एकाग्रता कमी निघाली, तर फोनमुळे लक्ष उडालं का ज्यांचं लक्ष मुळातच टिकत नाही तेच फोन जास्त उचलतात? माझ्या पहिल्या प्रपोजलवर माझ्या सरांनी समासात फक्त "म्हणजे?" असं लिहिलेलं, अकरा वेळा. मी मोजले होते, चिडून.

ही सवय या विषयाच्या जन्मापासूनची आहे. व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि तिथे विद्यार्थी काय करायचे, तर आवाज ऐकल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ मोजत बसायचे, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. मनाच्या खोल गोष्टी कळतील म्हणून आलेल्यांचं काय झालं असेल बघा.

गणित कच्चं आहे, चालेल का?

गणित कच्चं चालेल, स्टॅटिस्टिक्स कच्चं नाही चालणार. घाबरू नका, दोन्ही एक नाही. हाताने आकडेमोड कुणी करत नाही, त्यासाठी सॉफ्टवेअर आहेत, आर आहे, जॅमोव्ही आहे, जॅस्प आहे, तिन्ही फुकट, शिवाय पैसे भरून एसपीएसएस आहेच. अडचण बटण कुठलं दाबायचं ही नसते, पडद्यावर जे आलंय त्याचा अर्थ काय ही असते. पी व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे "माझं म्हणणं ९७ टक्के खरं" असं छातीठोक सांगणारे पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला पण भेटतात. त्याचा अर्थ एवढाच की खरोखर काहीच फरक नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसायची शक्यता ३ टक्के. वाक्य पुन्हा एकदा वाचा, मला ते नीट डोक्यात बसायला वर्ष लागलं होतं.

एसपीएसएसमध्ये नुसतं क्लिक करत बसण्यापेक्षा आर शिका असं माझं मत आहे, कारण सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने विचारलं की हा आकडा कुठून आला तर क्लिक आठवत नाहीत, कोड मात्र तसाच असतो.

सॅम्पल किती घ्यायचं? ३० चालतं असं ऐकलंय.

तीसचा आकडा कुणी पसरवलाय माहीत नाही पण जाता जात नाही. सॅम्पल, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची, हे तुम्हाला किती छोटा फरक पकडायचाय त्यावर ठरतं. जेकब कोहेन यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं की या क्षेत्रातल्या बऱ्याच अभ्यासांचं सॅम्पल इतकं लहान असतं की फरक खरोखर असला तरी तो सापडायची खात्री नाही. त्यांच्याच पट्टीने सांगायचं तर दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे डी ०.५, असेल आणि तो सापडायची शक्यता ८० टक्के हवी असेल तर एका गटात ६४ माणसं लागतात. फरक छोटा, डी ०.२ असेल तर एका गटात जवळजवळ ४००. एका गटात! हे जीपॉवर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत निघतं, आणि ते दोन मिनिटांचं काम डेटा गोळा करायच्या आधी करायचं असतं, नंतर थीसिसमध्ये सजावट म्हणून नाही.

आणि हो, ठरवलेली माणसं येतीलच असं नाही. मी सकाळी नऊपासून लॅबमध्ये बसायचे, दोन खुर्च्या, कॉम्प्युटर चालू, कन्सेंट फॉर्मवर पेन ठेवलेलं, आणि वेळ घेतलेल्या पाचातले दोघं उगवायचे. त्यातला एक हेडफोन लावून झोपला. त्याचा डेटा टाकून द्यावा लागला, पण टाकायचा नियम आधी लिहून ठेवला होता म्हणून शांतपणे टाकता आला.

रिझल्ट सिग्निफिकंट आला नाही तर पीएचडी मिळत नाही का?

मिळते. मिळायलाच हवी. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येतो, म्हणून जरा सविस्तर. (सिग्निफिकंट म्हणजे पी व्हॅल्यू ठरलेल्या मर्यादेच्या, बहुधा ०.०५ च्या, खाली येणं.)

"काहीतरी यायलाच पाहिजे" या भीतीपोटीच या विषयाची मोठी नाचक्की झालीये. २०१५ मध्ये ओपन सायन्स कोलॅबरेशन नावाच्या मोठ्या गटाने १०० छापलेले अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के उरले, आणि फरकाचा आकार सरासरी निम्म्यावर आला. सगळे लबाड होते का? नाही. काही थेट लबाड निघाले, डच मानसशास्त्रज्ञ डिडरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं घरबसल्या डेटा बनवला होता आणि ते २०११ मध्ये उघड झालं, पण बाकीचे तुमच्या-माझ्यासारखेच, थोडं इकडे थोडं तिकडे करणारे. दोन-चार माणसं काढून बघितली, दुसरं स्केल (मोजायची प्रश्नावली) लावून बघितलं, फक्त मुलींचा डेटा घेतला, अजून दहा माणसं घेतली, आणि जिथे आलं तिथे थांबले. काहीच खरं नसताना वीस वेगवेगळ्या टेस्ट लावल्या तर एक तरी "येण्याची" शक्यता ६४ टक्के असते, मग येणारच की.

सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन या तिघांनी २०११ मध्ये हीच सवलत मुद्दाम वापरून सिद्ध केलं होतं की बीटल्सचं एक गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं. तरुण वाटतं असं नाही हां, जन्मतारखेवरून काढलेलं वय कमी होतं! पेपर वाचताना हसू येतं आणि मग आपली जुनी फाइल आठवून हसू जातं.

म्हणून हल्ली प्रीरजिस्ट्रेशन करतात, म्हणजे गृहीतक, सॅम्पल, कुणाला वगळणार, कुठली टेस्ट, सगळं आधी लिहून तारखेसकट कुठेतरी नोंदवायचं. त्याच्याही पुढे रजिस्टर्ड रिपोर्ट, त्यात जर्नल तुमचा प्लॅन बघूनच पेपर स्वीकारतं, रिझल्ट काहीही येवो. कॉर्टेक्स जर्नलने २०१३ मध्ये हे सुरू केलं. नंतर कुणीतरी मोजलं तेव्हा दिसलं की नेहमीच्या पेपरांत पहिलं गृहीतक ९६ टक्के वेळा बरोबर निघतं आणि रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के. आता यातला कुठला आकडा खऱ्या आयुष्यासारखा वाटतो ते सांगा.

फरक आला नाही याने थीसिस पडत नाही. फरक आला नाही आणि सॅम्पल इतकं लहान की आला असता तरी कळलं नसतं, याने पडतो.

दुसऱ्याचं स्केल भाषांतर करून वापरलं तर चालेल?

आधी परवानगी. मग दोन माणसांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न बघता उलट इंग्रजीत न्यायचं, मग सगळ्यांनी बसून भांडायचं. इंग्रजीतल्या चिंतेच्या स्केलमध्ये पोटात फुलपाखरं उडतात अशा अर्थाचं वाक्य असेल तर मराठीत पोटात गोळा येतो, आणि दोन्ही अनुभव एकच का हा वेगळाच प्रश्न. नुसतं भाषांतर झालं म्हणजे चाचणी झाली असं नाही, तुमच्या लोकांवर तिची विश्वासार्हता परत काढावी लागते.

आता माझी फजिती. पायलटचा, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीचा, डेटा आला, साठ जणांचा, क्रॉनबाख अल्फा (स्केलमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) काढला, ०.३१. निदान ०.७ तरी हवा असं सगळीकडे लिहिलेलं. मी रात्रभर रडकुंडीला आलेली, भाषांतर फसलं, वर्ष गेलं, सगळं संपलं. पहाटे प्रश्नावलीचा कागद समोर घेतला तर आयटम (प्रश्न) ४, ७ आणि १२ उलटे होते, "मी शांत असते" टाइपचे, म्हणजे तिथे ५ म्हणजे चिंता कमी. ते मी उलटवलेच नव्हते. तीन ओळींचा कोड, परत चालवलं, ०.८२. सरांना मी ही गोष्ट व्हायवा (थीसिसची तोंडी परीक्षा) झाल्यावर सांगितली.

क्वालिटेटिव्ह सोपं असतं ना? आकडे नको वाटतात.

आकडे नको म्हणून तिकडे, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखतींवर चालणाऱ्या संशोधनाकडे, जाणार असाल तर नका जाऊ. एक तासाची मुलाखत शब्दन् शब्द उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, माणूस रडत बोलला असेल तर जास्त, कारण तुम्हीही मध्ये थांबता. मग तीच मुलाखत दहा वेळा वाचून कोडिंग, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची नावं देणं. थीमॅटिक ॲनालिसिसवरचा (मुलाखतींतून समान सूत्रं, म्हणजे थीम्स, काढायची पद्धत) ब्राउन आणि क्लार्क यांचा २००६ चा पेपर सगळे संदर्भात टाकतात, वाचणारे कमी, कारण वाचलं असतं तर थीसिसमध्ये "थीम्स डेटातून आपोआप वर आल्या" असं वाक्य लिहिलं नसतं. तुम्ही काढता त्या, आणि का काढल्या ते सांगावं लागतं.

एथिक्स कमिटीचा एवढा ताप कशाला? मी फक्त प्रश्नावली भरून घेतेय.

प्रश्नावलीत "जीव द्यावासा वाटला का" असा एक आयटम असतो आणि कुणीतरी "जवळजवळ रोज" वर टिक करतं. त्या संध्याकाळी तुम्ही काय करणार, कुणाला फोन करणार, नाव माहीत नसलेल्या माणसाला गाठणार कसं, हे कमिटी विचारते तेव्हा कटकट वाटते आणि तसा फॉर्म खरोखर हातात आला की कमिटीचे आभार मानावेसे वाटतात.

स्टॅनली मिलग्रॅम यांचे येल विद्यापीठातले आज्ञापालनाचे प्रयोग सगळ्यांना माहीत असतात, पहिल्या छापलेल्या अभ्यासात ४० पैकी २६ जण संशोधकाने सांगितलं म्हणून दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत शॉक देत गेले, शॉक खोटे होते पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं आणि ते घामाघूम होऊन थरथरत होते. आज हा प्रयोग तसाच्या तसा कुठेच मंजूर होणार नाही. अमेरिकेत १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन गोष्टी मांडल्या, माणसाचा मान, त्याचं भलं आणि न्याय, आणि आज बऱ्याच ठिकाणचे फॉर्म त्याच धर्तीवर फिरतात. फॉर्मला वेळ लागतो, दोन-तीनदा परत येतो, वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा.

विषय आधी का गाईड आधी?

गाईड. विषय बदलतो, माझा दोनदा बदलला. गाईड बघताना त्यांच्या पेपरांची संख्या बघू नका, त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना एकट्यात गाठा आणि तीनच गोष्टी विचारा, ड्राफ्ट दिला की किती दिवसांत परत येतो, तुमचं काम असेल तर पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, आणि मागच्या काही वर्षांत कितीजण सोडून गेले. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प बसला तर तेच उत्तर समजा.

विषय जगावेगळा हवा का?

जॉन रिडली स्ट्रूप यांचा पीएचडीचा विषय काय, तर "लाल" हा शब्द निळ्या शाईत लिहिला तर शाईचा रंग सांगायला उशीर लागतो. १९३५ मध्ये छापून आला, आजही कुठल्याही लॅबमध्ये करा, हा उशीर दिसतोच, आणि ते स्वतः पुढे धर्मशिक्षणाकडे वळले. दुसरीकडे ब्लूमा झायगार्निक यांचा १९२७ चा प्रबंध, अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात, ऐकायला किती सुंदर, नंतरच्या लोकांना कधी सापडलं कधी नाही. मी स्मरणशक्तीवालीच असल्यामुळे झायगार्निकबाईंवर माझा जीव आहे, पण पैज लावायची तर मी स्ट्रूपवर लावेन.

मला स्वतःला डिप्रेशन होऊन गेलंय, त्यावरच संशोधन करू का?

करू शकता, बरेच जण करतात आणि काही फार चांगलं करतात. फक्त दोन गोष्टी तपासा. एक, रोज सहा तास त्याच विषयाच्या मुलाखती ऐकणं आत्ता तुम्हाला झेपणार आहे का. दोन, ज्या उपचाराने तुम्ही बरे झालात त्याचा उपयोग होत नाही असं तुमच्याच डेटात आलं तर ते छापाल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन "हो" आलं तर अजून थोडा विचार करा.

किती वर्षं लागतात? आणि डोकं ठिकाणावर राहतं का?

देशागणिक फरक आहे. ब्रिटनमध्ये साधारण तीन-चार वर्षं, अमेरिकेत कोर्सवर्क धरून पाच ते सात, क्लिनिकल असेल तर त्यात एक वर्षाची इंटर्नशिप.

डोक्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये एक सर्व्हे खूप गाजला होता, २६ देशांतले दोन हजारांवर विद्यार्थी, बहुतेक पीएचडीचे, आणि त्यांच्यात डिप्रेशन-चिंतेचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सहापट निघालं. पण आता तुम्ही संशोधक होणार आहात तर विचारा, असा सर्व्हे भरायला कोण बसतं? ज्याला त्रास होतोय तो जास्त बसणार. तेव्हा सहापट हा आकडा मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण त्रास होतो हे खरं आहे, आणि गंमत म्हणजे दिवसभर चिंतेवर वाचणाऱ्या मला स्वतःची चिंता ओळखायला आठ महिने लागले.

चॅटबॉटकडून लिटरेचर रिव्ह्यू करून घेऊ का?

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा, तेव्हा न वाचलेला पेपर संदर्भात टाकू नका, मग तो चॅटबॉटने सांगितलेला असो नाहीतर सिनियरने. अस्तित्वातच नसलेले पेपर चॅटबॉट अगदी व्यवस्थित वर्षासकट देतात. कोडमधली चूक शोधायला मीही वापरते. मुलाखतींचा डेटा मात्र त्यात टाकू नका, लोकांनी तो तुम्हाला विश्वासाने दिलाय.

व्हायवात काय विचारतात?

जे तुम्ही लपवलंय ते. म्हणून मर्यादांचं प्रकरण शेवटच्या रात्री उरकू नका. मला पहिलाच प्रश्न आला, "तुमचे सगळे पार्टिसिपंट कॉलेजचे विद्यार्थी, मग हे 'माणसांबद्दल' कसं?" हा प्रश्न २०१० पासून जगभर विचारला जातोय, जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं तेव्हापासून की मानवी मनाबद्दलची बरीचशी विधानं पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू लोकांवरूनच केलेली आहेत. मी म्हटलं, "नाही, माणसांबद्दल नाही म्हणता येणार, शीर्षक चुकलंय." शीर्षक बदलून घेतलं आणि पुढे सरकलो.

प्रवेशाला अजून सहा महिने आहेत, आत्तापासून काय करू?

वाचत बसू नका, हात लावा. आवडलेला एक पेपर घ्या ज्याचा डेटा लेखकांनी खुला ठेवलाय, ओपन सायन्स फ्रेमवर्क या वेबसाइटवर असे ढिगाने आहेत. डेटा उतरवा, आर उघडा, आणि पेपरातला दुसरा तक्ता स्वतः काढून बघा. पहिल्या दिवशी फाइलच उघडणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सरासरी जुळेल पण माणसांची संख्या दोनाने कमी-जास्त येईल, आणि ती दोन माणसं कुठे गेली हे शोधताना तुम्ही त्या पेपरची पद्धत इतकी बारीक वाचाल जितकी आजपर्यंत कुठल्याच पेपरची वाचली नसेल. नाहीच सापडली तर लेखकांना नम्रपणे मेल टाका. मी टाकला होता, उत्तर तीन आठवड्यांनी आलं, एका ओळीचं, "बरोबर आहे तुमचं, आमचीच चूक."